चाखणकर

चाखणकर बियर पीत नाहीत, चाखतात. हा फरक तुमच्या ध्यानात आला नसेल तर ते समजावून सांगतात, आणि त्या समजावण्यात इतका वेळ जातो की तुमच्या ग्लासातली बियर कोमट होते. मग ते समाधानानं म्हणतात, "आता घे. आता खरी चव कळेल."

आडनाव अर्थात मी ठेवलेलं आहे. खरं आडनाव कुठलंही असू शकतं, कारण ही एका माणसाची नव्हे, अख्ख्या जमातीची हकिगत आहे. मुक्काम कोथरूड, बाणेर, फार तर पिंपळे सौदागर. वय चाळिशीच्या थोडं अलीकडे-पलीकडे. नोकरी अशी, की तिथे ते नेमकं काय करतात हे त्यांच्या आईला आजवर शेजारणींना सांगता आलेलं नाही. मुंबईतही चाखणकर आहेत, नाहीत असं नाही. पण त्यांना शेवटची लोकल गाठायची असते, त्यामुळे त्यांचं ज्ञान वेळेत आटोपतं. पुण्याच्या चाखणकरांना अशी आडकाठी नाही. त्यांचं घर पंधरा मिनिटांवर असतं आणि गाडी वहिनी चालवतात.

पबमध्ये शिरल्यावर बाकीचे लोक बसायला जागा बघतात, चाखणकर फळा बघतात. फळ्यावर खडूनं आजच्या बियरांची नावं, अल्कोहोलचं प्रमाण आणि आयबीयू नावाचा एक आकडा लिहिलेला असतो. आयबीयू म्हणजे कडूपणाचं माप. साधी लागर दहा-वीसच्या घरात असते, आयपीए चाळीसच्या पुढे साठ-सत्तरपर्यंत जाते. "पंचेचाळीस?" चाखणकर ओठ मुडपतात. "बरंय. नवशिक्यांना बरंय."

मग ते 'फ्लाइट' मागवतात. फ्लाइट म्हणजे एक लाकडी फळी. तिला खाचा, खाचांत बोटभर उंचीचे पाच-सहा ग्लास, आणि प्रत्येकात वेगळी बियर. मूठभर खारे शेंगदाणे तोंडात टाकून यातला एकेक ग्लास एका घोटात रिकामा करणारे लोक जगात आहेत, आणि ते चाखणकरांच्या शेजारीच बसतात. चाखणकर शेंगदाण्यांना हात लावत नाहीत. त्यानं जीभ बिघडते. ते आधी फळीवरचे ग्लास लावून घेतात, फिकटाकडून गडदाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. "स्टाउट आधी घेतलीस ना, तर विटबियर मेलीच समज," असं ते आपल्याला बजावतात. आपण तोवर स्टाउट संपवलेली असते.

मग ग्लास उजेडाला धरायचा. पबमध्ये उजेड ठेवायची पद्धत नसल्यामुळे ते मोबाइलचा टॉर्च लावतात. शेजारच्या टेबलाला वाटतं, ग्लासात काहीतरी पडलं. मग ग्लासाच्या तोंडावर तळवा ठेवून तो हलवायचा, तळवा काढायचा, नाक खुपसायचं, डोळे मिटायचे. यानंतर जे होतं ते मी इतक्यांदा पाहिलंय की पुण्यातल्या नव्या वेटरना त्याचं प्रशिक्षण द्यावं असं मला वाटायला लागलंय.

"केळं येतंय," चाखणकर म्हणतात.

"नाही सर," वेटर दचकतो, "आपण केळं टाकत नाही."

"येतंय पण."

"बदलून देऊ का सर?"

"अरे, चांगलं आहे ते! मागून लवंगही येतेय."

लवंग म्हटल्यावर वेटर मॅनेजरला बोलावतो. मॅनेजर येतो, दोन्ही हात पाठीमागे बांधून माफी मागतो आणि एक स्टार्टर आमच्याकडून म्हणतो. खरं तर चाखणकरांचं बरोबर असतं. हेफेवायझन ही बव्हेरियाची गव्हाची बियर. तिचं यीस्टच असं आहे की आंबताना ते पिकल्या केळ्यात असतं तेच सुगंधी द्रव्य तयार करतं, आणि दुसरं एक लवंगेसारखं वासाला लागणारंही. म्हणजे केळं नसताना केळं येतं, आणि ते आलं नाही तरच तक्रार करायची असते. हे सगळं चाखणकर मॅनेजरला सांगतात. शिवाय हेफेवायझन म्हणायचं नसतं, हेफेवाइत्सन म्हणायचं असतं, हेही सांगतात. त्यांनी मॅक्समुल्लर भवनात जर्मनची पहिली पायरी केलेली आहे. मॅनेजर मूळचा लातूरचा असतो. तो म्हणतो, "हो सर, तेच ते."

वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात. चाखणकर गिळतात. याला शास्त्रीय आधार आहे असं ते सांगतात: कडूपणा गिळताना घशाशी पुरता उमगतो, म्हणून बियरचे परीक्षक थुंकत नाहीत. परीक्षक खरंच थुंकत नाहीत. एकूण शास्त्रांमध्ये चाखणकरांना हे शास्त्र जवळचं वाटलं, त्यात मला नवल वाटत नाही.

मला नवल वाटतं ते त्यांच्या नाकाचं. बियरला वाईट म्हणायचे जेवढे प्रकार आहेत तेवढे चाखणकरांना पाठ आहेत. शिळ्या बियरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हे ठीक आहे, जुलैतल्या पुण्यात ओला पुठ्ठा सगळ्यांना ठाऊक असतो. हिरव्या बाटलीतल्या बियरला ऊन लागलं की हॉप्सची, म्हणजे बियरला कडूपणा देणाऱ्या फुलांची, कडू द्रव्यं बिघडतात आणि स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास सुटतो. हेही खरं आहे. पण स्कंक राहतो अमेरिकेत. चाखणकरांचा आणि त्याचा परिचय कुठे झाला हे मी विचारलेलं नाही. बेल्जियमच्या काही आंबट बियरांना घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास येतो आणि तो यावाच लागतो; ब्रेटानोमायसिस नावाच्या रानटी यीस्टची ती करामत. "घोंगडी मस्त उतरलीय," असं चाखणकर म्हणतात. घोड्याच्या इतक्या जवळ ते शेवटचे माथेरानला गेले होते, शाळेच्या सहलीत, आणि त्यांच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा ते भोकाड पसरून रडत होते.

आता त्यांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, म्हणजे चाखणकर समजतील. आण्णा बँकेतून निवृत्त झाले. नोकरीत असताना महिन्यातून एखाद्या शनिवारी दोघा सहकाऱ्यांबरोबर ते स्टेशनाजवळच्या एका परमिट रूममध्ये जात. दाराला पडदा, आत लाल दिवा, तिघांत दोन लंडन पिल्सनर आणि चखण्याला कांदा-लिंबू पिळलेले शेंगदाणे. ग्लास तिरपा धरून, भिंतीवरून बियर सोडून, फेसाचा टिपूस येऊ द्यायचा नाही. फेस म्हणजे हवा, आणि हवेचे पैसे आपण द्यायचे नाहीत, हा हिशेब. बाहेर पडताना बडीशेपेचा बकाणा. घरी मागच्या गल्लीनं. तरी आईंना कळायचंच, पण आईंना कळलंय हे आण्णांना कळत नाही असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. त्या पिढीनं बियर जितकी प्यायली त्याहून जास्त लपवली.

सरकारही काही मागे नव्हतं. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि त्याच्या हिशेबानं आपल्याकडे पिणारा प्रत्येक माणूस परवान्यावर पितो. एका दिवसाचा परवाना कित्येक वर्षं 5 रुपयांत मिळत आलाय. त्यातला कारणाचा भाग वाचण्यासारखा आहे: हा परवाना आरोग्य राखण्यासाठी दिलेला असतो. एकविसाव्या वर्षी बियर, पंचविसाव्या वर्षी कडक दारू, अशी आरोग्याची चढण कायद्यानं आखून दिलेली आहे.

पण सरकारी परवाना सोपा. घरचा परवाना अवघड, आणि चाखणकरांचं सगळं कर्तृत्व तिथे आहे. आपल्या मध्यमवर्गात मजा करायला हरकत नसते, फक्त ती मजा म्हणून करायची नसते. "मी पितो" म्हटलं तर आई रडते. "मी याचा अभ्यास करतोय" म्हटलं तर आई विचारते, परीक्षा कधी आहे. चाखणकरांना हे फार लवकर उमगलं. आणि परीक्षाही खरंच निघाली! अमेरिकेत 2008 पासून सिसरोन नावाची बियरची परीक्षा घेतात, पायरीपायरीनं. चाखणकरांनी पहिली पायरी ऑनलाइन दिली, उत्तीर्ण झाले, आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं. शेजारी मुलीचं चित्रकलेच्या एलिमेंटरीचं आहे. आण्णा ते रोज चष्म्यातून बघतात. "आम्ही पडद्याआड बसलो," ते मला एकदा हळूच म्हणाले, "आणि हा भिंतीवर लावतो."

या अभ्यासाला पुणे हे गाव बरं सापडलं. डूलाली इथे 2009 साली सुरू झालं, जर्मन ब्रूमास्टरच्या हाताखाली, आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या क्राफ्ट ब्रुअरींमध्ये त्याची गणना होते. पहिल्याच आठवड्यात तिथे आपण होतो असं पुण्यातला प्रत्येक चाखणकर सांगतो. ते सगळे खरंच असते तर ती इमारत तेव्हाच खचली असती. मग मुंढव्याला इंडिपेंडन्स आली, इफिनगट आली, ग्रेट स्टेट आली, आणि मधापासून मीड करणारी मूनशाइनही पुण्याचीच. मुंबईच्या झगमगत्या पबांमध्ये गेटवे नावाची बियर मिळायला लागली तेव्हा तिथल्या चाखणकरांनी ती नाकाला लावून कुठकुठल्या जर्मन खेड्यांची नावं घेतली. ती बनत होती डोंबिवलीच्या एमआयडीसीत. सकाळी डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्यांत तीही एक.

नवा माणूस हाती लागला की चाखणकर त्याला आयपीएची गोष्ट सांगतात. इंडिया पेल एल. इंग्रजांनी हिंदुस्थानसाठी काढलेली बियर, चार-सहा महिन्यांच्या प्रवासात टिकावी म्हणून जादा हॉप्स घातलेली. नवा माणूस भारावतो, आणि तो पुरता भारावला की चाखणकर म्हणतात, "आणि हे सगळं थोतांड आहे."

ही त्यांची हुकमी जागा. मग खरी गोष्ट. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसन नावाचा ब्रुअर होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच लागायची, आणि हा गडी कप्तानांना लांबलचक उधारी द्यायचा. म्हणून त्याचा माल कलकत्त्याला जायचा, कुठल्या दिव्य शोधामुळे नव्हे. त्याची ऑक्टोबरात गाळलेली बियर केपला वळसा घालताना हेलकावे आणि उष्मा खाऊन उलट सुधारायची. पुढे हॉजसनच्या घराण्याला माज चढला, तेव्हा 1820 च्या दशकात कंपनीच्या एका संचालकानं बर्टनच्या ऑलसॉपला ती बियर करून बघायला सांगितलं. पहिला नमुना चहाच्या किटलीत गाळला अशी दंतकथा आहे. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यानं हॉप्सचा कडूपणा खुलला, आणि हॉजसन संपला. उधारीनं सुरू झालेली आणि पाण्यानं जिंकलेली ही गोष्ट मला मूळच्यापेक्षा आवडते. पण चाखणकर ती सांगतात तेव्हा मध्ये कुणी "मग आत्ता आयपीए मागवू की नको?" असं विचारलं तर त्यांना खपत नाही.

"मायकल जॅक्सनचं पुस्तक वाच," ते म्हणतात.

"तो नाचणारा?"

या प्रश्नाची ते वाटच बघत असतात. हा मायकल जॅक्सन इंग्लंडचा, दाढीवाला, चष्मेवाला. 1977 साली त्यानं जगभरच्या बियरांचं एक पुस्तक लिहिलं आणि बियरलाही प्रकार असतात, घराणी असतात, हे लोकांना पटवलं. चाखणकरांच्या सगळ्या जमातीचा हा आदिपुरुष. त्याला नुसतं 'मायकल' म्हणतात ते मुरलेले समजावेत.

चाखणकरांना खरं बघायचं तर उत्सवात. पुण्यात थंडी पडली की मुंढवा-खराडीकडच्या एखाद्या लॉनवर बियर-सायडरचा मेळा लागतो. दोन दिवस, वीस-पंचवीस टॅप, मनगटाला कागदी पट्टा, पैशांऐवजी कूपनं, एका कोपऱ्यात गिटार घेऊन एक दुःखी मुलगा. बाकीची जनता संध्याकाळी सातला येते. चाखणकर दुपारी बाराला, फाटक उघडताना. तेव्हा नाक ताजं असतं. पायांत ट्रेकिंगचे बूट, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याची बाटली, साधे खाकरे आणि स्वतःचा ग्लास. तो ग्लास ऑनसाइटची कमाई आहे. कंपनीनं सहा महिने इंग्लंडला पाठवलं होतं, तेव्हा ते लंडनच्या ग्रेट ब्रिटिश बियर फेस्टिव्हलला जाऊन आले. कॅमरा नावाची तिथल्या ग्राहकांची संघटना तो भरवायची, 1971 ची. यंत्रांनी वायू भरलेल्या बेचव बियरला कंटाळलेल्या चार जणांनी काढलेली. तिथे ग्लासावरच रेघा असतात, पाइंटची, अर्ध्या पाइंटची आणि एक-तृतीयांश पाइंटची. ही तिसरी रेघ चाखणकरांच्या आयुष्यातला साक्षात्कार. तो ग्लास मोज्यांत गुंडाळून ते घेऊन आले आणि पुण्याच्या मेळ्यात प्रत्येक काउंटरवर तो पुढे करून म्हणतात, "या रेघेपर्यंत." काउंटरवरचा मुलगा त्याच्याकडच्या प्लॅस्टिकच्या कपाकडे बघतो, रेघेकडे बघतो, कूपनकडे बघतो. मागे रांग वाढत जाते.

त्या कॅमराचं एक अंग मात्र चाखणकर सांगायचं टाळतात. ग्लासात फेसाखाली बियर कमी देतात, पाइंट म्हणजे पुरा पाइंट मिळाला पाहिजे, म्हणून त्या लोकांनी वर्षानुवर्षं मोहीम चालवली. म्हणजे ज्यांच्या उत्सवाची चाखणकर वारी करून आले ते या बाबतीत आण्णांच्या बाजूचे आहेत. चाखणकरांना वर दोन बोटं फेस लागतो. फेसात सुगंध असतो. "फेस द्या," असं ते सांगतात तेव्हा काउंटरवरचा मुलगा पुन्हा एकदा कूपनकडे बघतो.

एक घोट झाला की मोबाइल निघतो. अनटॅप्ड नावाचं एक ॲप आहे. त्यात बियरची नोंद करायची, पाचपैकी तारे द्यायचे, आणि तेही पावपावानं. चाखणकर सहसा 3.75 देतात. चार द्यायला मन होत नाही आणि साडेतीननं ब्रुअरला वाईट वाटेल. शेरा इंग्रजीत: 'केळं संयत, शेवट किंचित घाईचा.' मी त्यांना एकदा म्हटलं, हे तुम्ही सवाई गंधर्वच्या मंडपातही बोलता. ते चमकले. कारण डिसेंबरात ते तिथेही असतात, भारतीय बैठकीत, आणि तिथेही शेवट त्यांना घाईचाच वाटतो.

ऑक्टोबरफेस्टवर त्यांचं विशेष प्रेम आणि विशेष दुःख आहे. सप्टेंबर सरताना आपल्याकडचे पब निळ्या-पांढऱ्या पताका लावतात, आणि चाखणकर सगळ्यांना सांगत सुटतात की मूळ सोहळा म्हणजे 1810 साली बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नाची जत्रा, पुढे हवा बरी असते म्हणून तो सप्टेंबरात ओढला, आणि आता ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारापर्यंत चालतो. म्हणजे तो ऐन भरात असताना मध्येच 2 ऑक्टोबर येतो. म्युनिकच्या तंबूंत त्या दिवशी लिटर-लिटरचे मग आपटत असतात, आणि पुण्यात कोरडा दिवस. चाखणकर त्या दिवशी घरी बसून इंटरनेटवर म्युनिकचा तंबू बघतात. शेजारी आण्णा टकळीवर सूत काढल्याचे जुने किस्से सांगतात. दोघांचंही मन दुसरीकडे असतं.

सायडरकडे चाखणकर उशिरा वळले. सुरुवातीला त्यांच्या लेखी सायडर म्हणजे 'ज्यांना बियर आवडत नाही त्यांच्यासाठी काहीतरी'. वहिनींना तीच आवडायची, त्यामुळे हा तुच्छभाव घरात फार टिकला नाही. मग तिचाही अभ्यास सुरू झाला. हिमाचल-काश्मीरची सफरचंदं खायला गोड, पण सायडरला अंगच नाही राहत, कारण खायच्या सफरचंदात तुरटपणा कमी. इंग्लंडात सॉमरसेट-हेरफर्डशरला सायडरसाठी वेगळीच फळं लावतात, इतकी तुरट की चावलं तर तोंड आखडतं. वहिनी म्हणाल्या, "मग ती आपल्याकडे नाहीत हे चांगलंच की."

इथपर्यंत ठीक होतं. पण चाखणकरांनी स्पेनच्या उत्तरेतल्या अस्तुरियासचा एक व्हिडिओ पाहिला. तिथे सायडर ओतणारा बाटली डोक्याच्या वर हातभर उंच धरतो, ग्लास खाली मांडीपाशी, आणि न बघता बारीक धार सोडतो. धार ग्लासाच्या कडेवर फुटते, वास मोकळा होतो, आणि तळाशी आलेला दोन बोटं घोट लगेच संपवायचा. वाढदिवसाला पाहुणे जमले होते. चाखणकरांनी दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून बाटली वर नेली आणि अस्तुरियासच्या रीतीप्रमाणे समोर, शून्यात बघितलं. पंखा चालू आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सायडर पाहुण्यांना समान वाटली गेली. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरही थोडी उडाली, पण ते लॅमिनेटेड होतं.

याच घरात पुढे तो गोजचा प्रसंग झाला. गोज ही मूळची जर्मनीतल्या गोस्लार गावची, नंतर लाइपझिगनं डोक्यावर घेतलेली गव्हाची बियर. तिच्यात लॅक्टिक आंबटपणा असतो, मीठ असतं आणि धने असतात. चाखणकर ब्रुअरीतून ग्राउलर भरून घेऊन आले. ग्राउलर म्हणजे बियर घरी न्यायची काचेची मोठी बरणी. आण्णांनी दोन घोट घेतले.

"मठ्ठा आहे," ते म्हणाले.

"आण्णा, ही गोज आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकापासूनची परंपरा आहे तिला."

"असेल. मठ्ठाच आहे. जिलबी आहे का घरात?"

चाखणकर जरा रुसले. पण नंतर त्यांनी स्वतःशी हिशेब लावून पाहिला असावा: आंबट, खारट, धने. नाही म्हणायला पंगतीच्या मठ्ठ्यात धन्यांऐवजी कोथिंबीर असते. त्या रात्री ॲपवर त्यांनी गोजला पहिल्यांदाच सव्वाचार तारे दिले. शेऱ्यात मठ्ठ्याचा उल्लेख नव्हता.

आई यात कधीच नव्हत्या. त्यांनी आयुष्यात बियर तोंडाला लावलेली नाही, लावणारही नाहीत. मात्र फ्रिज त्यांच्या ताब्यात आहे, आणि ग्राउलर फ्रिजमध्ये राहतो. एका रविवारी दह्यासाठी जागा करताना त्यांनी नवा ग्राउलर बाहेर काढला. झाकण सैल होतं. त्यांनी नाक वर केलं.

"अरे, यात लोणी कढवलंय का कुणी?"

चाखणकर आंघोळीला निघाले होते ते टॉवेलवरच आले. बियरच्या दोषांत डायॅसेटिल हा फार नामांकित दोष आहे. यीस्टला काम पुरं करू न देता बियर घाईनं थंड केली की ते द्रव्य मागे राहतं आणि लोण्यासारखा वास येतो. ते ओळखायला परीक्षक शिकवणीला जातात. शुद्ध बियरमध्ये ते मुद्दाम थेंब-थेंब मिसळून सराव करतात. चाखणकरांनी कालच ब्रुअरीत उभं राहून हीच बियर चाखली होती, आणि तिला 'गोल, मुलायम, आश्वासक' असा शेरा देऊन 3.75 तारे दिले होते. त्यांनी पुन्हा हुंगलं. पुन्हा. मग ते कढईत लोणी तापवल्यावर कसा वास येतो ते आईंना विचारायला लागले. आई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी तूप कढवत होते तेव्हा तू घरातच होतास ना रे?"

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे की ग्राउलर घरी आला की आधी आईंकडे जातो. त्या लांबूनच हुंगतात, पदर नाकाशी धरून, कारण दारू ती दारूच. "उकडलेला मका," म्हणतात, किंवा "पुठ्ठा भिजलाय," किंवा "हे बरं आहे, संत्र्याची साल आहे." चाखणकर लिहून घेतात आणि रात्री स्वतःच्या नावानं टाकतात. पुण्याच्या चाखणकर-वर्तुळात त्यांचा दबदबा गेल्या वर्षभरात फार वाढलाय. दोन ब्रुअर त्यांना नवीन घाणा उतरला की फोन करतात. आईंना यातलं काही माहीत नाही. त्यांची एकच अट आहे: रिकामा ग्राउलर ब्रुअरीत परत जायचा नाही. काचेची, घट्ट झाकणाची, दोन लिटरची बरणी अशी फुकट कुठे मिळते? त्यात त्या कोकमाचं आगळ भरतात, मीठ घालून, आणि गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर लेकीसुनांकडे पाठवतात.

मागच्या महिन्यात घाईत एक आगळाचा ग्राउलर नुसता विसळून चाखणकर परत भरायला घेऊन गेले. भरण्याआधी वास बघायची ब्रुअरची पद्धत असते. त्यानं झाकण उघडलं, नाक घातलं आणि थांबला. डोळे मिटले. पुन्हा घातलं.

"काय होतं यात?" तो म्हणाला. "फळ आहे, मीठ आहे, आणि काय स्वच्छ आंबटपणा आहे! कुणाची सावर बियर आहे ही?"

मी शेजारीच उभा होतो. चाखणकरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी ग्राउलरकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लिमिटेड आहे. मिळत नाही कुठे."